फॉर्म पुसणाऱ्या साहेबांस, दिघोरीहून

प्रति,
'आपले सत्र समाप्त झाले आहे' ही पाटी लावणारे साहेब यांस

साहेब,

तुमचं नाव, गाव, कंपनी यातलं मला काही ठाऊक नाही. तुम्ही एक आहात की पन्नास, हेही नाही. पण तुमची कामगिरी मी जवळजवळ रोज डोळ्यांनी बघतो. पाऊण तास घालून अर्ज भरलेला असतो, शेवटच्या पानावरच्या 'सादर करा' बटणावर बोट पडतं, आणि पांढऱ्या पडद्यावर तुमची ती ओळ उमटते: 'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' मागे जावं तर कोरा फॉर्म. पुढे जावं तर लॉगिनचं पान. नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक, फोटो, सही, सगळं साफ. पाकीटमारसुद्धा पैसे काढून घेतो आणि कागद कुठेतरी फेकतो. कोणाला तरी ते सापडतात, पत्ता बघून तो आणून देतो. तुम्ही तेवढीही सोय ठेवत नाही.

हे पत्र तुमच्या तक्रारीच्या पानावर टाकणार होतो. तिथे अक्षरांची मर्यादा आहे, स्वल्पविराम चालत नाही, आणि लिहिता लिहिता तिथलंही सत्र संपतं. म्हणून चारचौघांत लिहितो. कुठल्या संकेतस्थळावर काय घडलं ते नावानिशी सांगत नाही, कारण हे दुखणं एका संकेतस्थळाचं नाही. तुमचा हात सगळीकडे फिरलेला आहे.

मी कोण ते सांगतो. दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. इथे माझं ऑनलाईनचं दुकान आहे: संगणक, प्रिंटर, झेरॉक्स, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र. हा धानपट्टा. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि चुरणी, आणि धान आधारभूत किमतीला विकायचं तर आधी ऑनलाईन नोंदणी. पोरांची शिष्यवृत्ती ऑनलाईन, उत्पन्नाचा दाखला ऑनलाईन, सातबारा ऑनलाईन, पेरा नोंदवायची ई-पीक पाहणीही १५ ऑगस्ट २०२१ पासून फोनवर. याला माझा विरोध नाही. पोटच त्यावर चालतं, आणि एका सहीसाठी लाखांदूर किंवा भंडाऱ्याला खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. घरच्या घरी काम होणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणून तर राग येतो. जे काम पाऊण तासात होऊ शकतं ते तुम्ही तीन दिवसांचं करून ठेवलं.

तुम्हाला वाटत असेल, अर्ज भरायला कितीसा वेळ लागतो? या, शेजारी बसा आणि बघा.

समोर बसलेल्या बाबाजींच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्यात आधार, पासबुक, सातबारा, रेशन कार्ड, दोन फोटो. नाव आधी इंग्रजीत टाकायचं, मग शेजारच्या चौकटीत ते आपोआप मराठीत येतं, आणि तुमच्या कृपेने दिघोरीची 'डिघोरी' होते. ती हाताने सुधारायची. गट क्रमांक बघायला सातबारा उलगडायचा. घडीवर घडी पडून तिथला आकडाच फाटलेला. सामायिक खातं, म्हणजे तीन भावांची नावं. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये. बाबाजींच्या डोक्यात ते एकरात. पासबुक जुनं, बँकेचा आयएफएससी बदललेला, तो शोधायचा. मग फोटो: पन्नास केबीच्या आत. मग सही: पांढऱ्या कागदावर, वीस केबीच्या आत. बाबाजी सही करतात ती हळू, एकेक अक्षर कोरून. घाई केली तर पासबुकावरच्या सहीशी जुळत नाही. ती सही फोनने टिपायची, कापायची, बारीक करायची, चढवायची. मग ओटीपी. तो जातो मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा नागपुरात कामावर. फोन लावायचा. उचलत नाही. पुन्हा लावायचा. त्याने उचलला की बाबाजी आधी घरची खुशाली विचारतात, कारण तो बाप आहे. मग ओटीपी. तोवर दारात उभा माणूस विचारतो, "झाला का गा फारम?"

आणि आम्ही 'सादर करा' दाबतो. आणि तुम्ही दर्शन देता.

बाबाजी विचारतात, "आता का करू जी?" काय सांगू त्यांना? येरे माझ्या मागल्या. पुन्हा नाव, पुन्हा डिघोरी.

आता तुमच्या घड्याळाबद्दल. मी शिकलेला अभियंता नाही, पण ज्या यंत्रासमोर आयुष्य जातं ते आतून कसं चालतं हे समजून घेतलं आहे. वेबचं मूळ असं की सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. तुम्ही पान मागितलं, त्याने दिलं, विसरला. दुसरं पान मागायला गेलात तर तुम्ही त्याला नवखेच. ही अडचण १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली या अभियंत्याने सोडवली: सर्व्हरने ब्राउझरच्या हाती एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने दर खेपेला ती दाखवायची. तीच कुकी. त्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाखाली सर्व्हर आपल्याकडे एक तात्पुरती नोंद ठेवतो, आणि अमुक इतका वेळ चिठ्ठी दिसली नाही की ती नोंद फेकून देतो. झालं सत्र समाप्त.

यात खरी गोम अशी आहे की आम्ही टाईप करत असतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरला काहीच कळवत नाही. लांबलचक पानावर माणूस घाम गाळून एकेक चौकट भरत असतो, आणि तुमच्या सर्व्हरच्या लेखी तो झोपलेला असतो. काम करणाऱ्यालाच निष्क्रिय ठरवून तुम्ही बाहेर काढता. दुसऱ्या बाजूला, कोणी काही न भरता दर दहा मिनिटांनी नुसतं पान ताजं करत बसला तर तो तुमच्या दृष्टीने अगदी कामसू. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

बरं, हा वेळ ठरवला कोणी? तुम्ही तरी? मला शंका आहे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर संकेतस्थळ बांधलं की सत्राची मुदत आयतीच वीस मिनिटं येते. पीएचपीत नोंद राखायचा आयता आकडा १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. जावाच्या टॉमकॅटवर तीस. ज्या साधनासोबत जो आकडा आला तो तुम्ही तसाच राहू दिला. दिघोरीतल्या माणसाला अर्ज भरायला किती वेळ लागतो, हे कोणी बसून बघितलं नाही. एक आकडा, सेटिंगच्या एका ओळीतला. तो बदलायला तुम्हाला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ बाबाजींना एक सही करायला लागतो.

तुमचं उत्तर मला पाठ आहे: सुरक्षा. मदत क्रमांकावर फोन केला की तिकडूनही हाच शब्द येतो. तर सुरक्षेबद्दल बोलू. माझ्या दुकानात एकाच संगणकावर दिवसभर परकी माणसं बसतात. कोणाचं खातं उघडं राहिलं तर पुढचा माणूस त्याचं आधार, बँक, जमीन सगळं बघेल. तेव्हा काही वेळाने लॉगिन आपोआप बंद व्हावं, हे मला तुमच्याइतकंच हवं आहे. बँकेच्या व्यवहाराला तर कमीच वेळ द्यावा. ओवॅस्प ही वेब-सुरक्षेचं काम करणारी जगन्मान्य संस्था. तिचंही म्हणणं तेच आहे: जोखमीच्या ठिकाणी दोन ते पाच मिनिटं, कमी जोखमीच्या ठिकाणी पंधरा ते तीस. रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला घड्याळ असतं तेही कळतं. जागा मोजक्या, मागे रांग मोठी.

पण दार बंद करणं वेगळं आणि घरातलं सामान जाळणं वेगळं. बाबाजींचं लॉगिन बंद करा, जरूर करा. त्यांनी भरलेला अर्ज कोणत्या सुरक्षेसाठी पुसता? त्यांचा गट क्रमांक त्यांच्यापासूनच लपवायचा आहे का? पुन्हा लॉगिन करून, ओटीपी देऊन, तोच माणूस परत आला की त्याचा अर्धा अर्ज त्याच्या पुढ्यात ठेवण्यात कोणता धोका आहे, हे मला एकदा लिहून द्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असला हा कारभार आहे. पासवर्ड म्हणून गावाचं नाव चालतं, अर्जाची पीडीएफ नुसता क्रमांक बदलून दुसऱ्याची उघडते अशी संकेतस्थळं मी पाहिली आहेत, आणि तुम्ही पहारा देता तो भरलेल्या चौकटींवर!

आणि हे मी नवीन काही मागत नाही. वेबचे नियम ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था आहे. तिने डिसेंबर २००८ मध्ये, अपंग, वृद्ध, सावकाश काम करणारा, अशा प्रत्येकाला संकेतस्थळ वापरता यावं म्हणून नियमावली काढली. तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे: वेळेची मर्यादा लावणार असाल तर ती बंद करायची सोय द्या, किंवा दहा पट वाढवायची सोय द्या, किंवा वेळ संपण्याआधी सूचना देऊन निदान वीस सेकंद थांबा, एक कळ दाबून मुदत वाढवू द्या, आणि अशी ती निदान दहा वेळा वाढवू द्या. हा नियम वरच्या दर्जाचा नाही, साहेब. अगदी पहिल्या पायरीचा आहे. तो पाळला नाही तर बाकी कुठलीही पायरी गाठल्याचा दावा करता येत नाही. त्याच नियमावलीत सर्वांत वरच्या पायरीवर दुसरी अट आहे: सत्र संपलं आणि माणसाने पुन्हा लॉगिन केलं, तर भरलेलं काही न गमावता त्याला पुढे जाता आलं पाहिजे. मला वाटतं ही अट वर ठेवण्यात त्यांचंही चुकलं. तीही तळाच्या पायरीवर हवी होती.

भारत सरकारनेही २००९ मध्ये आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये काढली, आणि तीही याच नियमावलीचा आधार घेतात. म्हणजे कागदावर सगळं आहे. कित्येक संकेतस्थळांच्या तळाशी तर अक्षरं लहानमोठी करायची बटणं आणि सुगम्यतेचं निवेदनही असतं. त्या निवेदनाच्या वर, त्याच पानावर, बाबाजींचा अर्ज गायब होतो.

उपाय काय, तेही सांगतो, म्हणजे 'तांत्रिक अडचण' म्हणायची सोय राहणार नाही. प्रत्येक टप्प्याला, प्रत्येक चौकट सोडताना, भरलेलं तुमच्या सर्व्हरवर मसुदा म्हणून ठेवा आणि पहिल्याच पानावर अर्ज क्रमांक द्या. तो क्रमांक मी बाबाजींच्या पासबुकाच्या मागे लिहून देईन. वीज गेली, नेट गेलं, मुलगा फोन उचलत नाही, तर ते उद्या येतील. मसुदा सर्व्हरवरच ठेवा. दुकानातल्या सामायिक संगणकावर तो राहिला तर धोका आहे, तिथे तुमची सुरक्षेची काळजी खरोखर कामाला लावा. ज्याचा स्वतःचा फोन आहे त्याच्या ब्राउझरमध्येच ठेवला तरी चालेल. ती सोय ब्राउझरांत केव्हापासून आहे ठाऊक आहे? २००९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर आठमध्येसुद्धा होती. ज्या ब्राउझरला सगळं जग हसलं आणि जो मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बंद केला, त्यालाही हे जमत होतं.

त्यावरून आठवलं. तो ब्राउझर बंद झाल्यावरही 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहा' असं सांगणारी पानं मी पाहिली. तेही तुमच्याच भावकीतलं काम. असेच बाकीचे हुकूम: मागे जायचं बटण दाबू नका, पान ताजं करू नका, उजवं क्लिक बंद, खाते क्रमांक चिकटवायला बंदी, तो हातानेच दोनदा भरा. चौदा-पंधरा आकडी क्रमांक पासबुकात बघून हाताने भरला की चूक होते, चिकटवला की होत नाही. तुम्ही बरोब्बर चुकीचा रस्ता सक्तीचा केला. यावर आणखी शाई घालवत नाही.

फोनचं मात्र सांगायलाच हवं, कारण आता पोरी-पोरं दुकानात न येता फोनवरच अर्ज भरतात. फोन स्वस्तातला, मेमरी कमी. ओटीपीचा मेसेज बघायला पोरगी ब्राउझर सोडून मेसेजमध्ये जाते, तेवढ्यात फोन मेमरी मोकळी करायला ब्राउझरचं पान टाकून देतो. परत आली की पान नव्याने उघडतं, आणि भरलेलं गेलेलं. ओटीपी हातात आहे, तो टाकायची चौकट नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये २०२० पासून अशी सोय आहे की संकेतस्थळाने मेसेज ठरावीक साच्यात पाठवला तर ब्राउझर न सोडता, नुसती परवानगी देऊन ओटीपी आपोआप चौकटीत येतो. ती तुम्ही वापरली असती तर पोरीला पान सोडावंच लागलं नसतं.

नुकसान कोणाचं होतं, हे तुमच्या अहवालात कुठे दिसणार नाही. तिथे दिसतं ते 'इतके अर्ज प्राप्त'. अर्धवट राहून गेलेल्यांचा रकाना नाही. रोवणीच्या दिवसांत बाई माणूस अर्जासाठी येऊन बसली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. अर्ज पुसला की दुसऱ्या दिवसाचीही. शेवटच्या तारखांना आम्ही दुकानवाले सांगतो, "रात्री अकरानंतर या, तेव्हा साईट चालते." मग बायका, म्हातारी माणसं, दहावी-बारावीच्या मुली रात्रीच्या बाकावर ताटकळत बसतात. पुन्हा भरायचे पैसे घ्यायला माझा हात धजत नाही, आणि न घेऊन दुकान चालत नाही, हाही हिशेब तुमच्याच नावावर मांडतो.

पण सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. अर्ज गेला की माणसं तुम्हाला दोष देत नाहीत. स्वतःला देतात. बाबाजी म्हणतात, आमाले शिक्षण नाही, आमच्यानं नाही होत. शिष्यवृत्तीचा अर्ज पुसला गेलेली मुलगी मला विचारते, मी काही चुकीचं दाबलं का? तिने सगळं बरोबर दाबलं होतं. तिची टक्केवारी चांगली, तिचा अर्ज बिनचूक. चूक सेटिंगच्या त्या एका ओळीत होती, आणि ती ओळ तुमची. ज्या माणसांनी बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून बांध्या भिजवल्या, ज्यांना कोणत्या बांधीत किती दिवसांचं परं, म्हणजे धानाचं रोप, रोवायचं ते बोटांवर ठाऊक आहे, त्यांना तुमच्या पडद्यासमोर आपण अडाणी आहोत असं वाटावं, हे मला सहन होत नाही. तुम्हाला कसं होतं?

तेव्हा यंदाची धानाची नोंदणी सुरू होण्याआधी एक काम करा. स्वतःचा महागडा फोन आणि ऑफिसचं नेट बाजूला ठेवा. दुकानात मिळणारा सगळ्यात स्वस्त स्मार्टफोन घ्या. तुमचा स्वतःचा अर्ज त्यावर उघडा आणि मराठीत, एका बोटाने, सातबारा उलगडून भरा. मध्येच ओटीपी बघायला जा. मध्येच घरी फोन लावून खुशाली विचारा, घाई न करता. कागदावर सावकाश सही करून ती वीस केबीत बसवा. मग 'सादर करा' दाबा. अर्ज गेला, तर ज्या साहेबांनी तुमचं बिल मंजूर केलं त्यांना शेजारी बसवून तो पुन्हा पहिल्यापासून भरा, आणि ते किती वेळा घड्याळाकडे बघतात ते मोजून मला कळवा.

आपला,
एक ऑनलाईनवाला
मु. पो. दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा